तारा चोरला सुनेने, नाव फाशाचं : 'मारिओ पार्टी'तले छोटे खेळ

माझा पीएचडीचा विषय ऐकला की आमच्या सुलतानपुरात दोनच प्रश्न येतात. पहिला, "यानं पुढं नोकरी कुठं लागते?" आणि दुसरा, "म्हणजे तू दिवसभर गेमच खेळतेस काय?" पहिल्याचं उत्तर मलाही हवंय. दुसऱ्याचं उत्तर असं : खेळते कमी, खेळणाऱ्यांकडे बघते जास्त. घरात गेम सुरू झाला की कोण पुढे सरकतं, कोण मागे राहतं आणि कोण 'तुम्ही खेळा, माझं काम पडलंय' म्हणून उठून जातं, हा माझा अभ्यास. आज त्याच नजरेने एका प्रसिद्ध मालिकेकडे बघू.

'मारिओ' हा शब्द आपल्याकडे नवा नाही. टीव्हीला जोडायचा स्वस्त व्हिडिओ गेम आणि त्यात घालायची पिवळी कॅसेट ज्यांनी पाहिली, त्यांना मिशीवाला मारिओ माहीत आहेच. पण तो मारिओ एकट्याने खेळायचा. भाऊ खेळायचा, आपण 'आता माझा डाव' म्हणत ताटकळायचो. 'मारिओ पार्टी' वेगळी. डिसेंबर १९९८ मध्ये ती जपानात निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी आली, हडसन सॉफ्ट या कंपनीने बनवली. एका वेळी चार जण खेळतात. सापशिडीसारखा पट असतो, फासा टाकून पुढे जायचं. चौघांचे फासे टाकून झाले की एक मिनी-गेम, म्हणजे मिनिटभराचा छोटा खेळ. जिंकलं की नाणी, नाण्यांनी तारे विकत घ्यायचे, आणि शेवटी ज्याचे तारे जास्त तो जिंकला. आजतागायत मालिकेचा सांगाडा बहुतांशी हाच आहे. २०२१ च्या 'मारिओ पार्टी सुपरस्टार्स'मध्ये जुन्या भागांतून निवडलेले असे १०० छोटे खेळ आहेत.

हे छोटे खेळ बघितलेत तर ओळखीचे वाटतील. दोरीवरच्या उड्या (फक्त दोरी आगीची). रस्सीखेच. मोठ्या चेंडूवर उभं राहून एकमेकांना ढकलणं. आपल्याकडे हळदी-कुंकवाला, गणपतीत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची असते, तीच ही जात.

आता टीकाकारांचं जुनं गाऱ्हाणं. ते म्हणतात, मिनी-गेम चांगले, पण पट अन्यायी. तुम्ही कौशल्याने दहा खेळ जिंका, आणि एका फाशात तुमचा तारा दुसऱ्याच्या खिशात. 'चान्स टाइम' नावाचं एक घर आहे, तिथे कुणी कुणाला काय द्यायचं ते तीन फिरते ठोकळे ठरवतात. शिवाय डाव संपल्यावर 'बोनस तारे' वाटतात, कधी नाणी जास्त मिळवली म्हणून, कधी विशिष्ट घरावर जास्त वेळा पडलात म्हणून. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला निकाल फिरतो. 'मग खेळायचं कशाला?' असा त्यांचा सवाल.

सवाल बरोबर आहे, पण तो चार सारख्या ताकदीच्या खेळाडूंचा सवाल आहे. मुंबई-पुण्यातल्या खोलीत राहणाऱ्या चार मित्रांचा म्हणा हवं तर. घरात चार जण सारखे कधीच नसतात.

इथे रोजे कायवा हा फ्रेंच विचारवंत कामाला येतो. १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्याने खेळांचे चार प्रकार पाडले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि गरगरणं. (शेवटचा म्हणजे फुगडी. चक्कर येण्यातली मजा.) त्याचं म्हणणं, स्पर्धा माणसातला फरक दाखवते, आणि नशीब तो फरक पुसतं. फाशापुढे पैलवान आणि पोर सारखेच. 'मारिओ पार्टी' या दोन्हींची एकाआड एक वीण घालते : मिनी-गेम फरक दाखवतो, पट तो पुसतो. टीकाकार या पुसण्यालाच बिघाड म्हणतात. मला वाटतं, तेच या खेळाचं खरं काम आहे.

कसं ते सांगते. गेल्या दिवाळीत सोयाबीन विकून झालं होतं, घरात सगळे जमले होते, मी अभ्यासासाठी घेतलेला स्विच टीव्हीला जोडला. खेळायला पुतण्या, बाबा, वहिनी आणि मी. वहिनी बाबांसमोर सहसा बसत नाही, बोलते तेही मोजकं. पटावर बू नावाचं भूत असतं. त्याला नाणी दिली की ते दुसऱ्याचा तारा चोरून आणून देतं. वहिनीचा फासा बरोबर तिथे नेऊन थांबला. तारा होता फक्त बाबांकडे. पुतण्या ओरडला, "चोर ना आई, चोर आबांचा!" वहिनीने पदर सावरला, बटण दाबलं, आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "मी कुठं? फाशानंच आणलं इथं." बाबा हसले. पुढच्या फेरीत दोघंही लाल घरावर थांबले, खेळाने दोघांना एका संघात टाकलं, आणि सासरा-सुनेने मिळून आम्हा दोघांना हरवलं.

यात क्रांती वगैरे झाली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी चहा वहिनीनेच केला. पण बघा, नशिबाने इथे काय दिलं? निमित्त दिलं. हरणाऱ्याला 'मी वाईट खेळलो नाही, फासा वाईट' म्हणायला, आणि जिंकणाऱ्याला 'मी उद्धटपणा केला नाही, फाशाने केला' म्हणायला. ज्या घरात काही माणसांनी काही माणसांपुढे जिंकायचं नसतं, तिथे या निमित्ताशिवाय खेळ सुरूच होत नाही. निव्वळ कौशल्याचा खेळ काढला असता तर वहिनी मुद्दाम हरली असती. आपल्या सारीपाटाला नि पत्त्यांना हे शहाणपण आधीपासून आहे.

संघ पाडण्याची रीतही अशीच. तुम्ही निळ्या घरावर थांबलात की लाल, त्यावर ठरतं : चौघे स्वतंत्र, दोन विरुद्ध दोन, की एक विरुद्ध तीन. नातं, वय, मान कुणी विचारत नाही. आणि संघ मिनिटभराने मोडतो, त्यामुळे मनात काही राहत नाही.

याच्या शेजारी आपला 'खेळ पैठणीचा' ठेवून बघा. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ने आदेश बांदेकरांना घराघरात नेलं, आणि त्याच्या नकला गावोगावच्या मंडपात उभ्या राहिल्या. बायकांना सगळ्यांसमोर खेळायला, हसायला, जिंकायला मिळालं, हे श्रेय मोठं आहे, ते मी कमी करणार नाही. पण खेळ म्हणून तपासलं तर दोन गोष्टी खटकतात. एक, त्यातले बरेच खेळ बाद करत जाणारे असतात. संगीत खुर्चीत जिला सर्वांत कमी जमतं ती सर्वांत आधी उठते आणि उरलेला वेळ टाळ्या वाजवते. म्हणजे जिला खेळायची सर्वांत जास्त गरज, तिला सर्वांत कमी खेळायला मिळतं. दोन, कुणी खेळायचं, कुणाला चिडवायचं, कुणाला 'एक उखाणा होऊन जाऊ द्या' म्हणायचं, हे माइकवाल्याच्या हातात, आणि माइक बहुधा पुरुषाच्या हातात. पुढे बक्षीस वाढत गेलं. २०२२ च्या 'महामिनिस्टर'मध्ये पैठणी ११ लाखांची झाली. एवढं मोठं बक्षीस आलं की हसत हरणं अवघड होतं.

'मारिओ पार्टी'तही बाद करणारे खेळ आहेत, पण बाद झालात तरी मिनिटाच्या आत परत फासा हातात येतो. माइकवाला नाही. प्रत्येक खेळाआधी कोणतं बटण काय करतं ते दाखवणारा पडदा येतो, सराव करता येतो. नवख्यासाठी ही मोठी दया आहे.

पण ती दया कुणासाठी, हेही विचारायला हवं. तो पडदा इंग्रजीत येतो. निन्टेन्डोचे खेळ जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांत येतात, मराठीत नाही, हिंदीतही नाही. त्यामुळे आमच्या घरी प्रत्येक खेळाआधी पुतण्या दुभाष्या झाला, आणि नियम ज्याला आधी कळतो तो आधी जिंकतो. माइक पुन्हा एका मुलाच्या हातात आला, फक्त आठवीतल्या.

दुसरा मुद्दा शरीराचा. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी 'अ कॅज्युअल रिव्होल्यूशन' या पुस्तकात एक चांगली गोष्ट दाखवली आहे : खेळातली हालचाल रोजच्या हालचालीसारखी असली की बटणं न शिकलेली माणसंही खेळायला येतात. २०१८ च्या 'सुपर मारिओ पार्टी'त असा एक खेळ आहे. कंट्रोलर म्हणजे तव्याचा दांडा. तो हलवून तव्यातला मांसाचा चौकोनी तुकडा उलटायचा, सगळ्या बाजूंनी भाजायचा. मला वाटलं, इथे आजी सगळ्यांना हरवणार! सत्तर वर्षं भाकरी थापणारा हात. पण आमच्या तव्याला दांडा कुठे असतो? भाकरी बोटांनी उलटतात, तवा जागचा हलत नाही. शिवाय आजी माळकरी. "हे काय होय?" तिने विचारलं. सांगितलं, तशी तिने कंट्रोलर पुतण्याकडे दिला आणि वाती वळायला घेतल्या. 'रोजची हालचाल' म्हणताना कुणाचा रोज, कुणाचं स्वयंपाकघर, हे खेळ बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

शरीराची किंमत या मालिकेला एकदा मोजावीही लागली आहे. पहिल्या भागातल्या रस्सीखेचीसारख्या खेळांत काठी जोरात गरगर फिरवायची होती. मुलं ती तळहाताने फिरवायची, तळहाताला फोड आले, तक्रारी झाल्या. २००० मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांशी तडजोड होऊन निन्टेन्डोने मुलांसाठी हातमोजे देऊ केले. 'सुपरस्टार्स'मध्ये रस्सीखेच परत आली, ती तळहात वापरू नका अशी सूचना घेऊन.

मग माझा निवाडा काय? नशिबाची बाजू घेऊन मी टीकाकारांच्या विरोधात उभी आहे. २०१२ च्या नवव्या भागात चौघांना एकाच गाडीत बसवलं होतं, ते चाहत्यांना आवडलं नाही, आणि मलाही नाही : प्रत्येकाची स्वतंत्र वाट गेली की नशीबही स्वतःचं राहत नाही. पण 'सगळ्या कुटुंबासाठी' या डब्यावरच्या शब्दांना मी पूर्ण गुण देत नाही. खेळाने सून आणि सासऱ्यातलं अंतर घटकाभर पुसलं, आजी आणि पडद्यातलं पुसलं नाही. पहिलं फाशाने जमलं. दुसऱ्यासाठी कुणाला तरी मराठी लिहावं लागेल आणि बिनदांड्याचा तवा बघावा लागेल.

तुमच्या घरी असा खेळ निघाला, मग तो स्विचवरचा असो की मोबाइलवरचा ल्युडो, तर कोण जिंकलं ते सोडा. कंट्रोलर किंवा फासा कोण कुणाकडे देतं आणि देताना काय म्हणतं, ते ऐका आणि मला खाली लिहून कळवा. पुढच्या लेखात मोक्षपटाकडे वळू. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. त्यातल्या सापांना दुर्गुणांची नावं असत, म्हणजे तिथे फासा नुसतं निमित्त देत नव्हता, जाबही विचारत होता.