विमानाचा तोतया

मलेशियाचे एमएच ३७० हे प्रवासी विमान ८ मार्च २०१४ च्या पहाटे २३९ माणसांसह नाहीसे झाले. त्याविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, ते मला पाठचिकित्सेच्या अंगाने वाचावेसे वाटते. कारण हाती आलेल्या वस्तू थोड्या आणि शब्द अमाप.

शेवटचे शब्दच घ्या. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी कॉकपिटमधून आलेले वाक्य आधी ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे जाहीर झाले. त्यावर जगभर भाष्ये झाली: निरोपात इतका सैलपणा कसा? मनात काही होते म्हणूनच ना? तीन आठवडे उलटल्यावर मलेशियाने दुरुस्ती दिली. वाक्य ‘गुड नाइट, मलेशियन थ्री सेवन झीरो’ असे होते, म्हणजे विमानाच्या क्रमांकासह दिलेला रोजचा निरोप. पाठ बदलला की अर्थ पुन्हा तपासावा लागतो, हे ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. येथे पाठ बदलला, पण आधीच्या पाठावर चढवलेला अर्थ जागचा हलला नाही.

असे का व्हावे? मराठी वाचकाला उत्तर पानिपतात सापडेल. १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या शवाची ओळख सर्वांना पटली नाही. पार्वतीबाई सवाष्णच राहिल्या. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याने कोकणात किल्ले घेतले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ने ही हकिकत रंगभूमीवर आणली. तोतयाभोवती जमलेले सगळे पार्वतीबाईंच्या दुःखाने जमले नव्हते, हे मात्र आपण विसरतो. कोणाला पुणे दरबाराचा राग होता, कोणाला लुटीची आशा होती.

२०२३ ची ‘एमएच ३७०: द प्लेन दॅट डिसअपिअर्ड’ ही नेटफ्लिक्सची तीन भागांची मालिका पाहताना मला हा तोतया सारखा आठवत होता. पहिल्या भागात वैमानिकावर संशय. दुसऱ्यात जेफ वाइज विमान अपहरण करून कझाकस्तानात नेतात. तिसऱ्यात फ्लोरान्स द शांजी ते दक्षिण चीन समुद्रावरच पाडले गेल्याचे सांगतात. तिन्ही कथा एकाच तालेवार संगीतावर येतात, आणि पुरावा तोलण्याचे काम प्रेक्षकावर सोडले जाते. याला निःपक्षपातीपणा म्हणणे मला मान्य नाही. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा सापडला; तो याच विमानाचा ठरला. त्यानंतर कझाकस्तानची कथा टिकवायची, तर तुकडा कोणीतरी मुद्दाम तेथे टाकला असे म्हणावे लागते. म्हणजे पुरावा आला की तोच कटात सामील! अशा कथेला खोटे पाडायची सोयच उरत नाही.

त्या मार्च महिन्यात आमच्या शिरड शहापुरातही, समुद्रापासून इतक्या दूर, चहाच्या टपरीवर ‘इमान बुडालं नाही, दडवलंय’ असे ठामपणे ऐकू येई. बोलणाऱ्याचे त्यात काही अडकलेले नव्हते. विमानात पाच भारतीय होते, त्यांत मुंबई-पुण्याची मराठी माणसेही. त्यांच्या घरी ‘दडवलंय’ या शब्दाचा अर्थ वेगळा होत असणार. मालिकेनेही हा भेद पुसला आहे: नातेवाइकांचे अश्रू आणि तर्कवाल्यांची हुशारी ती एकाच पंक्तीला बसवते.

तरीही सारा दोष तर्कवाल्यांचा नव्हे. २४ मार्च २०१४ रोजी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे मलेशियाच्या पंतप्रधानांनी सांगितले, आणि अनेक नातेवाइकांना ते मोबाइलवरच्या संदेशातून कळले. त्यात ‘बियाँड एनी रीझनेबल डाउट’ असे शब्द होते. तेव्हा हाती एकही तुकडा नव्हता; होता तो उपग्रहाशी झालेल्या यांत्रिक संपर्काच्या नोंदींचा हिशेब. हिशेब बरोबर असेल, पण घरच्यांना सांगायची ही भाषा नव्हे. तोतयांना जागा करून देण्यात या संदेशाचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळून झाला. २०१८ च्या मलेशियन अहवालाने कारण ठरवता येत नाही असे लिहिले, तिसऱ्या कोणाचा हातही नाकारला नाही. या अहवालाची थट्टा झाली. मला तो त्या संदेशापेक्षा प्रामाणिक वाटतो.

मार्च २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटी या कंपनीशी पुन्हा करार केला. क्षेत्र १५,००० चौरस किलोमीटर. विमान सापडले तर सात कोटी डॉलर, न सापडल्यास काही नाही.