अंथरूण, अन्न आणि मौन : शिबिर-नियोजनाचा विनयाच्या अंगाने विचार

गोव्यातील मांद्रे, हरमल, आगोंद या किनाऱ्यांवर, तसेच ऋषिकेशात, ‘योग रिट्रीट’ अथवा ‘वेलनेस रिट्रीट’ या नावांनी जी निवासी शिबिरे भरतात, त्यांची माहितीपत्रके गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या वाचनात बऱ्याच संख्येने आली. पालीचे विद्यार्थीच ती आणून देतात. त्यांतील काहींना अशा शिबिरांत ध्यानवर्ग घेण्याचे निमंत्रण असते आणि सुत्तपिटकातील एखादा सोयीचा उतारा निवडून द्यावा, अशी त्यांची विनंती असते. उतारा निवडून देणे अवघड नाही. परंतु ही पत्रके एकापाठोपाठ एक वाचली म्हणजे एक गोष्ट खटकू लागते. आनापान, मेत्ताभावना, मौन ही सर्व सामग्री बौद्ध परंपरेतून उचललेली आहे. मात्र ज्या व्यवस्थेच्या आधारावर ही साधना उभी होती, तिचा मागमूसही पत्रकात नाही. तेथे व्यवस्था म्हणजे किनारा, तारखा, खोल्यांचे प्रकार आणि त्यांचे दर. निवास व भोजन हा साधनेच्या बाहेरचा, व्यवस्थापकाने पाहावयाचा भाग आहे, असे येथे गृहीत धरले आहे. विनयपिटकाचे मत याच्या अगदी विरुद्ध आहे आणि ते गांभीर्याने घेतल्यास या पत्रकांचीच नव्हे, तर आपल्या स्वतःच्या शिबिरांचीही परीक्षा होते.

प्रथम काळाचा विचार करू. महावग्गातील तिसरा खंधक वर्षावासाचा आहे. भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, बारीकसारीक जीवांचा घात करतात. पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांची तक्रार आली आणि त्यातून तीन महिन्यांच्या निवासाचा नियम निघाला. म्हणजे बौद्ध परंपरेतील या निवासाचे मूळ साधकाच्या विश्रांतीत नाही. आपल्या हिंडण्याने दुसऱ्यास होणारा उपद्रव थांबविण्यात आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील हंगाम बरोबर उलटा चालतो. पावसाळ्यापूर्वी तेथील तात्पुरत्या झोपड्या उतरविल्या जातात आणि अश्विन पौर्णिमेच्या आसपास, वर्षावास संपण्याच्या सुमारास, त्या पुन्हा उभ्या राहू लागतात. हा निव्वळ योगायोग आहे, हे मान्य. पण किनाऱ्यावरील वाळू, पाणी आणि गावकरी यांच्यावर आपल्या येण्याचा काय भार पडतो, हा प्रश्न एकाही पत्रकात आढळला नाही.

याच खंधकात वास्तव्याची जागा कशी असावी याबद्दल बारीक नियम आहेत. उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली, एवढेच नव्हे तर रांजणात वर्षावास करू नये, असे सांगावे लागले, याचा अर्थ कोणी ना कोणी तसे करून पाहिले असावे! याहून महत्त्वाचे म्हणजे ‘सत्ताहकरणीय’. आई किंवा वडील आजारी असल्याचे कळल्यास त्यांनी बोलावणे धाडले नसले तरी भिक्खूने जावे व सात दिवसांच्या आत परतावे. हिंस्र पशू, चोर, आग, पूर यांचा उपद्रव झाल्यास किंवा पोटभर अन्न न मिळाल्यास वर्षावास मोडला तरी दोष नाही. नियम कडक आहे. पण बाहेर पडण्याची वाट नियमातच आखलेली आहे. पत्रकांतील याच्याशी समांतर मजकूर तळाशी, बारीक टायपात असतो : आगाऊ भरलेली रक्कम परत मिळणार नाही.

चुल्लवग्गाच्या सहाव्या, सेनासनाच्या खंधकात तर शिबिर-व्यवस्थेचे एक संपूर्ण शास्त्रच आहे. छब्बग्गिय भिक्खूंचे शिष्य संघाच्या पुढे धावत जाऊन आपल्या उपाध्यायांसाठी निजण्याच्या जागा अडवितात. सारिपुत्त मागाहून पोहोचतात. त्यांना जागा उरत नाही आणि ते रात्रभर एका झाडाखाली बसून राहतात. पहाटे भगवंत खोकतात, सारिपुत्तही खोकतात, आणि त्या खोकण्यावरून ते तेथे आहेत हे उघडकीस येते. धम्माचा सेनापती अंथरुणावाचून बाहेर बसला आहे, एवढ्यावर अख्खे प्रकरण रचले जाते. मग वडीलकीचा मान सांगणारी तित्तिर, माकड व हत्ती यांची कथा येते. शिवाय खाटा मोजून, माणसे मोजून जागा वाटणारा ‘सेनासनग्गाहापक’ नेमला जातो, आजाऱ्याला योग्य जागा द्यावी असे ठरते आणि लगेच आजाराचे सोंग करून चांगली जागा बळकावणाऱ्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. जागेचे वाटप कोणत्या तत्त्वावर व्हावे, याचे उत्तर वडीलकी आणि गरज असे आहे. आजच्या शिबिरात ते ‘समुद्राकडील खोली’ आणि ‘तिघांत एक खोली’ यांच्या दरांतील फरकाने दिले जाते. खर्च कोणी तरी सोसावयास हवा, हे खरेच. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार बांधविले, असे हाच खंधक सांगतो. फरक एवढाच की, पैसा कोणाचा यावरून अंथरूण कोणाचे हे तेथे ठरले नाही.

व्यवस्थापकाचे काम किती जोखमीचे असते, हे दब्ब मल्लपुत्ताच्या कथेवरून कळते. अर्हत्पद प्राप्त झाल्यावर आता मी संघाची काय सेवा करू, असा विचार करून या स्थविराने राजगृहात निवास व भोजन यांच्या वाटपाचे काम मागून घेतले. त्याने सुत्ते घोकणारे एकत्र ठेवले, विनयधर एकत्र, ध्यान करणारे एकत्र. आणि गप्पांत रमणाऱ्यांचीही एकत्र सोय केली, म्हणजे तेही संतुष्ट राहतील! सहभागी व्यक्तींच्या वर्गवारीविषयी याहून समंजस सूचना कोणत्याही नव्या मार्गदर्शिकेत आढळावयाची नाही. तरीही घात झाला तो भोजनावरून. उत्तम अन्नदानासाठी प्रसिद्ध असलेल्या एका गृहस्थाकडे मेत्तिय-भुम्मजक भिक्खूंची पाळी आली. आदल्या रात्री आनंदाने त्यांना नीट झोपही लागली नाही. गृहस्थाला मात्र हे पाहुणे पसंत नव्हते. त्याने दासीकरवी त्यांना दरवाजाच्या देवडीत कण्यांचा भात आणि आंबील वाढविले. दोष दब्बाचाच, असे त्यांनी मनाशी पक्के केले आणि मेत्तिया भिक्खुणीला पुढे करून त्याच्यावर खोटा आळ घेतला. संघादिसेसाचा आठवा नियम या प्रसंगातून निघाला. संघातून काढून टाकले गेले ते मात्र त्या भिक्खुणीला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता मौनाकडे वळू. बहुतेक पत्रकांत मौन हा सर्वांत आकर्षक भाग म्हणून छापलेला असतो. कोसल देशातील काही भिक्खूंनी वर्षावासात भांडणे नकोत म्हणून एकमेकांशी अजिबात न बोलण्याचा संकेत केला. जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाणी भरावे, जड वस्तू असेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्यास बोलवावे, पण तोंड उघडू नये. भगवंतांनी यास पशूंचा सहवास म्हटले, मूकव्रत घेण्यास मनाई केली आणि पवारणेचा विधी घालून दिला : जे पाहिले, ऐकले अथवा ज्याची शंका आली, ते इतरांनी आपणास सांगावे अशी प्रत्येकाने विनंती करावयाची. गंमत अशी की अनुरुद्ध, नंदिय व किंबिल यांची दिनचर्या मज्झिमनिकायात जवळजवळ याच शब्दांत येते आणि तेथे तिची प्रशंसा होते. मग भेद कोठे आहे? हे तिघे दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चेस बसत. म्हणजे मौन आक्षेपार्ह नाही. ज्याच्या शेवटी बोलणे नाही असे मौन आक्षेपार्ह आहे.

याचे गांभीर्य वेसालीच्या प्रसंगावरून पटते. अशुभभावनेची प्रशंसा करून भगवंत पंधरवडाभर एकांतात गेले. जेवण आणून देणाऱ्याखेरीज कोणी जवळ यावयाचे नव्हते. परतल्यावर त्यांना संघ विरळ झालेला दिसला. भिक्खूंना देहाची शिसारी येऊन त्यांनी जीव दिले होते, देवविले होते. तेव्हा आनापानसतीचा उपदेश झाला आणि तिसरा पाराजिक नियमही. साधनेतून काय अनर्थ होऊ शकतो, हे परंपरेने झाकून ठेवले नाही. ध्यान करणाऱ्यांना येणाऱ्या भीती, भ्रम, निद्रानाश यांसारख्या अनुभवांची नोंद अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केली. असे असूनही, रात्री दोन वाजता एखाद्याचा धीर सुटला तर त्याने कोणाचे दार ठोठवावे, हे सांगणारे पत्रक माझ्या पाहण्यात नाही.

यास उत्तर म्हणून इगतपुरीचे नाव पुढे केले जाते, आणि ते योग्यच आहे. सत्यनारायण गोयंका यांनी 1969 साली भारतात सुरू केलेल्या आणि 1976 पासून धम्मगिरीत स्थिरावलेल्या दहा दिवसांच्या शिबिरात शुल्क नाही. दान घेतले जाते ते शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. स्वयंपाकघर व निवास सांभाळणारे धम्मसेवक आधी स्वतः शिबिरात बसलेले असतात. मौन आहे, पण आचार्यांशी आणि व्यवस्थापकांशी बोलण्याची मुभा आहे. सेनासनाच्या खंधकाशी हे बरेच जुळते. तेथेही एक उणीव वाटते : साधकांनी एकमेकांस व आचार्यांस दोष दाखवावा, अशी पवारणेसारखी जागा त्या आखणीत नाही.

परंतु दुसऱ्यांच्या उणिवा मोजताना आपल्या घरचे विसरता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एका विहारात वर्षावासातील श्रामणेर शिबिराची आखणी माझ्याकडे होती. चाळीस जण चीवर घेऊन बसले होते. जागेचे वाटप मी मोठ्या अभिमानाने दब्बाच्या पद्धतीने केले. नवव्या दिवशी भांडी घासणाऱ्या एका वयस्क उपासिकेने विचारले, “सर, आम्ही सात जणी चार वाजता उठतो. आम्ही बसायचं कधी?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात, शंभर वर्षांच्या भिक्खुणीने आज दीक्षित झालेल्या भिक्खूस वंदन करावे, असा नियम आहे. वडीलकीचे जे तत्त्व सहाव्या खंधकात तित्तिराच्या कथेने इतक्या सुंदर रीतीने मांडले, ते येथे स्त्रियांपुरते मोडते. आपण तो नियम ऐतिहासिक ठरवून बाजूस सारला आहे. चुलीपाशी मात्र तो शाबूत आहे.

पुढच्या शिबिरात स्वयंपाकाच्या पाळ्या सर्वांत वाटल्या आणि उपासिकांच्या बैठकीची वेळ आधी लिहून मगच दिनक्रम आखला. दोन दिवस भात कच्चा राहिला आणि एकदा मध्याह्न टळून गेली. तक्रारी आल्या, त्या सर्व भोजनाविषयी होत्या.