आवाहन, निमंत्रण आणि आवतण : नृसिंहवाडीच्या संदर्भात काही विचार

माणसांना एकत्र बोलावण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांना कोशकार बहुधा एकमेकांचे पर्याय म्हणून देतात. निमंत्रण म्हणजे आमंत्रण, आमंत्रण म्हणजे बोलावणे आणि बोलावणे म्हणजे पुन्हा निमंत्रण, असा हा फेरा आहे. वस्तुतः या शब्दांतील भेद अर्थाचा कमी आणि नात्याचा अधिक आहे. बोलावणारा कोण, ज्याला बोलावले तो कोण, आणि त्याला ‘येत नाही’ म्हणण्याची मुभा आहे की नाही, या तीन प्रश्नांवर प्रत्येक शब्दाचे स्थान ठरते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी हे क्षेत्र या शब्दांची परीक्षा घेण्यास विशेष सोयीचे आहे. तेथे सर्वांत मोठा समुदाय जमतो तो कोणी न बोलावता. उलट महापुराच्या दिवसांत त्याच काठावरच्या लोकांना काठ सोडण्यासाठी बोलावले जाते, आणि तेव्हा योजलेला शब्द नेमका काय सांगतो, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

जुन्या वैयाकरणांनी हा भेद फार काटेकोरपणे पाहिला होता. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील १६१ व्या सूत्रात विध्यर्थाचे प्रसंग सांगताना निमंत्रण आणि आमंत्रण हे दोन्ही शब्द वेगवेगळे घेतले आहेत. टीकाकारांच्या मते निमंत्रण हे टाळता न येणारे बोलावणे होय. भट्टोजी दीक्षितांनी त्यासाठी श्राद्धाच्या भोजनास दौहित्राला बोलावण्याचा प्रसंग घेतला आहे. आमंत्रणात मात्र येणाऱ्याची इच्छा मोकळी असते. याच सूत्रात ‘अधीष्ट’ असा एक तिसरा शब्दही आहे. सत्कारपूर्वक कामास लावणे हा त्याचा अर्थ. मराठीत हा शब्द उतरला नाही, याची खंत वाटावी इतका तो उपयोगी आहे.

आजच्या मराठीत निमंत्रण-आमंत्रणाचा हा भेद पुसला गेला आहे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आमंत्रणाचेच प्राकृतातून आलेले रूप ‘आवतण’. ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव झाले, तसाच येथेही ‘म’चा ‘व’ झाला. परंतु अर्थाने आवतण उलट्या दिशेला गेले. गावातले आवतण मोकळे नसते. कोणीतरी उंबऱ्याशी येऊन ते सांगावे लागते, कोणाकोणाला आहे ते स्पष्ट करावे लागते, आणि चूलबंद आवतण असेल तर त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही असाच त्याचा अर्थ. संस्कृतातील निमंत्रणाचे बंधन मराठीत आमंत्रणाच्या वंशजाकडे आले, हा भाषेचा मोठा मौजेचा व्यवहार आहे. लग्नाची अक्षत हेही तसेच बंधन. ती आधी देवापुढे ठेवली जाते आणि मग घरोघर जाते. छापील पत्रिकेच्या अखेरीस ‘हेच अगत्याचे निमंत्रण समजून येणे करावे’ असे जे वाक्य असते, त्यात पत्रिका स्वतःच कबूल करते की आपण खरे निमंत्रण नव्हे, ते समजून घ्यायचे आहे. खरे निमंत्रण उंबऱ्यावरच होते.

बोलावणाऱ्याच्या अधिकाराचा विचार करताना ‘गुरुचरित्रा’कडे वळणे अपरिहार्य आहे, कारण वाडीच्या परंपरेचा हाच आधारग्रंथ. त्यातील अठराव्या-एकोणिसाव्या अध्यायांत संगमावरील औदुंबराखाली राहणाऱ्या श्रीनृसिंहसरस्वतींना योगिनी दोन प्रहरी येऊन भिक्षेसाठी घेऊन जातात. गावच्या ब्राह्मणांना मात्र कोडे पडते की हा यती आपल्याकडे भिक्षेस येत नाही, मग जेवतो कोठे? ज्यांनी बोलवायचे त्यांना बोलावण्याची खबरही नाही, हे या कथेचे मर्म आहे. अडतिसाव्या अध्यायात स्थळ बदलते, कथा गाणगापूरची आहे, पण प्रश्न तोच. तिघांपुरते अन्न जवळ असलेला दरिद्री भास्कर ब्राह्मण सर्वांना भोजनास बोलावतो तेव्हा लोक हसतात. बोलावणे गुरूंच्या आज्ञेचे आहे असे ठरताच तेच लोक येतात आणि त्या अन्नात चार हजार जेवतात. या कथेकडे चमत्कार म्हणूनच पाहण्याची वहिवाट आहे. अन्न वाढण्यापूर्वी निमंत्रणाचे वजन वाढले, इकडे टीकाकारांचे लक्ष जावयास हवे होते. शब्द भास्कराचेच होते. त्यामागे उभा राहणारा बदलला.

आता ‘आवाहन’. हा शब्द मुळात देवघरातला. षोडशोपचारांत पहिला उपचार आवाहनाचा. जो समोर नाही आणि ज्याच्यावर आपली सत्ता चालत नाही, त्याला जवळ आणण्याची ही विनंती आहे. म्हणूनच जेथे देवता नित्य प्रतिष्ठित आहे तेथे शास्त्र आवाहन-विसर्जन सांगत नाही. वाडीच्या मनोहर पादुकांना ‘या’ म्हणण्याचे कारण उरत नाही. तात्पर्य, आवाहनात बोलावणारा खालच्या पायरीवर आणि बोलावला जाणारा वरच्या पायरीवर असतो. सभा, चळवळी, वर्गणी यांच्या काळात हा शब्द सार्वजनिक झाला तोही या नम्रतेसह. पुढे तो कचेरीत गेला आणि पायऱ्या उलटल्या. नम्रतेचे रूप तेवढे राहिले.

त्यातच ‘आव्हाना’चा घोळ. आवाहन ‘वह्’ धातूपासून, आव्हान ‘ह्वे’ धातूपासून. संस्कृत ‘आह्वान’ म्हणजे हाक, मग ती प्रेमाची असो वा युद्धाची. मराठीने त्यातली युद्धाची हाक तेवढी ठेवली. कोल्हापूरच्या तालमीत जे काम शड्डू करतो ते मराठीत हा शब्द करतो. हिंदीत आह्वान म्हणजे आजही विनंतीची हाक, आणि कन्नडात तर ते सरळ निमंत्रणच. वाडीला कर्नाटकातून येणाऱ्या भाविकाच्या घरची आह्वान-पत्रिका मराठी माणसाने मराठी अर्थाने वाचली, तर त्याला कुस्तीचीच तयारी करावी लागेल! फलकांवर आणि बातम्यांत ‘नागरिकांना आव्हान’ असे जे पुनःपुन्हा छापले जाते, ते हसून सोडून देण्यासारखे वाटते. तथापि ते नेहमीच हसण्याजोगे नसते.

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळच्या सूचनांची ठरीव भाषा अशी असते : सुरक्षित स्थळी स्थलांतरित होण्याचे आवाहन करण्यात येत आहे. या वाक्यात बोलावणारा नाही, कारण कर्मणी प्रयोगाने तो झाकला आहे. ज्याला बोलावले तो नाही, वेळ नाही आणि स्थळ म्हणजे कोणते तेही नाही. पाणिनीच्या परिभाषेत हे आमंत्रण झाले. आले तर आले. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी बांधल्या आहेत आणि पाणी अजून पांदीपर्यंतच आहे, त्याला या वाक्यात राहण्याची मुभा ऐकू आली, तर दोष त्याच्या कानाचा नव्हे.

लोकशाहीत हुकूम शोभत नाही म्हणून आवाहन, असे याचे समर्थन केले जाते. ते लंगडे आहे. आदर आणि बंधन यांत विरोध आहे असे त्यात गृहीत धरले आहे. श्राद्धाचे निमंत्रण पूर्ण आदराचे आणि पूर्ण बंधनाचे असते. अधीष्टात सत्कार आधी आणि काम नंतर. मराठेशाहीतील महजरांत हाजीर मजालसीची नावे एकेक करून लिहिली जात, त्यामुळे गोत मिळाले म्हणजे कोण कोण मिळाले, याविषयी संशय राहत नसे. दवंडीतही ‘ऐका हो ऐका’ म्हणून ऐकणाऱ्याला आधी पकडले जाई आणि मग गोष्ट आज्ञार्थात सांगितली जाई. बोलावणाऱ्याचे नाव, बोलावलेल्याचे घर आणि निघण्याची वेळ, एवढे असले की वाक्य सौम्य असूनही बांधते. आवतण हेच करते, आणि त्याला कचेरीचा शिक्का लागत नाही.

वाडीच्या स्वतःच्या समुदायाला मात्र यांपैकी कोणताच शब्द लागत नाही. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत लागते. २०१६ साली ते लागले, आणि पंचांगाखेरीज त्याचे बोलावणे कोणी केले नाही. दक्षिणद्वार सोहळ्याला तर पंचांगही नाही. नदी चढते, पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागते, आणि ‘दक्षिणद्वार झाले’ एवढे एक भूतकाळी वाक्य गावोगाव पोहोचते. त्यात ‘या’ नाही, तरी लोक स्नानाला येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते, आणि तीही बातमीच असते. ती ऐकून काठावरचा माणूस आपले सामान माळ्यावर चढवतो. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. पावसाळ्यात खालच्या गावांतून रोज विचारले जाते ते एवढेच की आज किती फूट झाले.