सेकंदाचा साठावा भाग

शिक्षकांसाठी निघणाऱ्या विज्ञानाच्या मासिकात मारामारीच्या व्हिडिओ खेळांचे परीक्षण कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. पण हे परीक्षण खेळांचे थोडे आणि त्या खेळांविषयी खेळाडूंनी दिलेल्या मतांचे जास्त आहे. 'मला असे वाटते' आणि 'मी असे मोजले' या दोन वाक्यांमधले अंतर कसे कापायचे, हे शिकवायला इतके चांगले उदाहरण सहसा सापडत नाही. शिवाय आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना ते आधीच ठाऊक असते.

संच कोणता?

कॅपकॉम या जपानी कंपनीने २९ मे २०१८ रोजी 'स्ट्रीट फायटर थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन' हा संच बाजारात आणला. तो तयार केला डिजिटल इक्लिप्स या अमेरिकी कंपनीने. त्यात १९८७ ते १९९९ या काळातले बारा खेळ आहेत: पहिला 'स्ट्रीट फायटर', १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' पासून १९९४ पर्यंतच्या पाच आवृत्त्या, 'अल्फा' मालिकेतले तीन आणि 'स्ट्रीट फायटर ३' चे तीन. हे सारे मुळात नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांवरचे, म्हणजे आर्केडचे खेळ. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरांत ज्यांनी डोकावले असेल, त्यांना ही यंत्रे आठवतील.

जुना खेळ नव्या यंत्रावर चालवायचा म्हणजे काय करायचे? 'स्ट्रीट फायटर २' च्या मूळ यंत्रात ६८००० या जातीचा प्रोसेसर होता. त्या यंत्राच्या चिपांमध्ये साठवलेला कार्यक्रम जसाच्या तसा उतरवून घेतात आणि आजचा संगणक त्या जुन्या प्रोसेसरचे सोंग घेऊन तो चालवतो. असे सोंग घेणाऱ्या कार्यक्रमाला इम्युलेटर म्हणतात. मूळ कार्यक्रमातले एक अक्षरही बदललेले नसते. म्हणून चित्रे तीच, आवाज तेच, नियमही तेच. मग खेळाडूंचे समाधान व्हायला हवे होते.

निम्मे समाधान झालेही. पात्रांची मूळ रेखाटने, मालिकेचा कालपट आणि प्रत्येक हालचाल एकेक चित्र पुढे सरकवून पाहण्याची सोय यांचे बहुतेकांनी कौतुक केले. तक्रारी मुख्यतः चार होत्या. बटण दाबल्यावर पात्र 'उशिरा' हलते. नेटवरचे सामने अडखळतात, आणि तेही बारांपैकी चारच खेळांत खेळता येतात. संगणक-प्रतिस्पर्धी निर्दयपणे खेळतो. आणि घरगुती यंत्रांसाठी नंतर जोडलेले प्रकार व पात्रे येथे नाहीत. यातली शेवटची तक्रार निवडीची आहे. संच आर्केडच्या आवृत्त्यांचा असल्याने तिच्यावर फार वेळ घालवायला नको. उरलेल्या तिन्हींत मात्र विज्ञान आहे.

उशीर म्हणजे किती?

या खेळांचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते. एका चित्राला आपण 'चौकट' म्हणू. एक चौकट म्हणजे १/६० सेकंद, अर्थात सुमारे १७ मिलिसेकंद. या तक्रारी चार-पाच चौकटींच्या, म्हणजे ७० ते ८० मिलिसेकंदांच्या उशिराविषयी असतात. शंकेखोर लगेच म्हणतो, "माणसाची प्रतिक्रियाच मुळी एक पंचमांश सेकंदाची. त्याला ८० मिलिसेकंद कुठले जाणवायला? हा सगळा आठवणींचा खेळ आहे."

या शंकेचा पहिला भाग वर्गात तपासता येतो. एका विद्यार्थ्याने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि बोट न टेकवता ठेवावे. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर अंतर = १/२ × गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग या सूत्राने वेळ येते सुमारे ०.२० सेकंद. १५ सेंटिमीटरला ती ०.१७५ येते. म्हणजे शंकेखोराचा आकडा बरोबर आहे. त्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तोही दोन कारणांनी.

पहिले कारण वजाबाकीचे आहे. समजा, प्रतिस्पर्ध्याचा वार १८ चौकटींत, म्हणजे ३०० मिलिसेकंदांत अंगावर येतो. तो ओळखून बोट हलवायला २०० गेले. उरले १००. त्यातले ८० यंत्राने खाल्ले, तर उरतात २०, म्हणजे जेमतेम एक चौकट. एरवी सुखाने अडवता येणारा वार आता नशिबावर गेला. खेळाडूला ८० मिलिसेकंद 'दिसत' नाहीत, पण पूर्वी अडणारे वार आता लागतात हे त्याला नक्की कळते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कुशल खेळाडू नेहमी पाहून बटण दाबत नाही. तबलजी सम 'ऐकून' मग तिच्यावर थाप देत नाही. सम कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. या खेळांतले काही जोडफटके एकाच चौकटीत बटण दाबले तरच लागतात. ते प्रतिक्रियेने साधणारच नाहीत, लयीनेच साधतात. २००४ साली अमेरिकेतल्या 'इव्हो' स्पर्धेत दायगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' मधला सामना याची साक्ष आहे. उमेहाराच्या पात्राचा जीव इतका थोडा उरला होता, की साधा बचाव करूनही तो हरला असता. वाँगच्या चुन-लीने पंधरा फटक्यांची मालिका सोडली. उमेहाराने प्रत्येक फटका लागण्याच्या क्षणी दांडी पुढे ढकलून पंधराही परतवले आणि ती फेरी जिंकली. हे पाहून दाबणे नव्हे. ते फटक्यांचे अंतर हाताला पाठ असणे आहे.

यातून एक फरक लक्षात ठेवण्यासारखा निघतो. उशीर ठरावीक असेल, तर लय तेवढी अलीकडे सरकवता येते आणि हात काही दिवसांत शिकतो. पण 'पाहून अडवण्या'साठी लागणारा वेळ मात्र परत मिळत नाही. आणि उशीर दर वेळी वेगळा असेल, तर लयसुद्धा बसत नाही. म्हणून 'उशीर होतो' एवढेच सांगणारे मत अपुरे आहे. तो किती होतो आणि किती बदलतो, हे दोन्ही सांगायला हवे.

दोष कोणाचा?

मूळ यंत्रात बटणाची तार थेट मंडलापर्यंत जाई आणि चित्र कॅथोड किरण नलिकेवर उमटे. संकेत येताच किरण त्या ओळीवर प्रकाश पाडी. चित्र साठवून ठेवण्याची भानगडच नव्हती. तरी तेथेही उशीर शून्य नव्हता, कारण बटण वाचून, हालचाल ठरवून, चित्र काढायला खेळाच्या कार्यक्रमालाच काही चौकटी लागत.

आज साखळी लांबली आहे. बिनतारी नियंत्रक संदेश पाठवतो, यंत्राची कार्यप्रणाली तो उचलते, इम्युलेटर जुनी चौकट तयार करतो, ती मोठ्या पडद्याच्या मापाला ताणली जाते आणि अखेर दूरचित्रवाणी संच चित्र सुधारण्यासाठी ती स्वतःजवळ थोडा वेळ अडवून ठेवतो. या शेवटच्या कडीसाठी बऱ्याच संचांत 'गेम मोड' नावाची सोय असते. ती चालू केली की चित्राची सजावट कमी होते आणि उशीर घटतो. अनेक नाराज खेळाडूंनी आपली दूरचित्रवाणी कोणती, सोय चालू होती की बंद, नियंत्रक तारेचा की बिनतारी, हे सांगितलेच नाही. त्यांचे निरीक्षण खरे असेल, पण त्यावरून कॅपकॉमला दोष देता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा येथे राहून गेला.

काही हौशी खेळाडूंनी मात्र तो पाळला. बटणाला छोटा दिवा जोडायचा, दिवा आणि पडदा एकाच दृश्यात येतील असा वेगवान कॅमेरा लावायचा, आणि दिवा लागल्यापासून पात्र हलेपर्यंतची चित्रे मोजायची. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल असला, तर दर चित्राला सुमारे ४ मिलिसेकंद मिळतात. इतके साधे उपकरण पुरते. त्याच दूरचित्रवाणीवर, त्याच नियंत्रकाने दोन खेळ मोजले, की फरक खेळाचा. मतभेद येथे संपतो.

'मला फरक जाणवतो' हे विधानही तपासता येते. मित्राने नाणे उडवून गेम मोड चालू किंवा बंद करावा आणि खेळणाऱ्याला सांगू नये. खेळणाऱ्याने ओळखावे. असे २० वेळा करावे. निव्वळ अंदाजाने २० पैकी १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. तेवढे बरोबर आले, तर शंकेखोराने गप्प बसावे. न आले, तर खेळाडूने.

नेटवरचा सामना

२०२० साली ऑनलाइन वर्गात सगळ्या मुलांना एका सुरात पाढे म्हणायला लावून ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरवरच्या खेळाडूपर्यंत पोहोचायला त्याला ५० मिलिसेकंद, म्हणजे तीन चौकटी लागतात. हा निसर्गनियम आहे. पैसे मोजून तो बदलत नाही. उशीर फक्त कोठे लपवायचा, एवढेच आपल्या हाती असते.

जुनी पद्धत अशी, की दोघांचीही बटणे मुद्दाम थांबवून ठेवायची आणि दूरचा संदेश आला की खेळ पुढे न्यायचा. संदेश रेंगाळला तर खेळही रेंगाळतो, म्हणजे उशीर बदलता राहतो, आणि बदलता उशीर लयीला मारक. दुसरी पद्धत टोनी कॅनन या अमेरिकी खेळाडू-अभियंत्याने २००६ साली 'जीजीपीओ' या प्रणालीत वापरली. तीत खेळ थांबत नाही. दूरचा खेळाडू आत्ता करत आहे तेच पुढेही करील, असे धरून पुढची चौकट काढली जाते. खरा संदेश वेगळा निघाला, तर खेळ त्या चौकटीपर्यंत मागे जातो आणि क्षणार्धात पुन्हा पुढे येतो. याला 'रोलबॅक' म्हणतात. अंदाज बहुधा बरोबर का येतो? समजा, खेळाडू सेकंदाला पाच वेळा बटण दाबतो. दाबणे आणि सोडणे मिळून दहा बदल. ६० चौकटींपैकी ५० मध्ये काहीच बदलत नाही. 'पूर्वीप्रमाणेच' हा अंदाज सहापैकी पाच वेळा खरा.

२०१८ च्या संचावर येथे बरीच टीका झाली. प्रकाशनानंतरच्या सुधारणांत नेटवरचा बटण-विलंब खेळाडूने स्वतः ठरवण्याची सोय आली, म्हणजे टीका पोहोचली. जून २०२२ मधला 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन' आणि सप्टेंबर २०२४ मधला 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम' चा संच यांची जाहिरात करताना रोलबॅक ठळकपणे सांगितले गेले. खेळाडूंच्या कटकटीचे हे फळ नगण्य नाही.

'लहानपणी सोपे होते'

निर्दय संगणकाची तक्रार ऐकली, की वय वाढले असे म्हणून हसण्याचा मोह होतो. हसू नये. १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो' ची अमेरिकी आवृत्ती जपानी आवृत्तीपेक्षा खरोखरच कठीण होती. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या दोन वेगळी यंत्रे असल्यासारख्या वागतात. पूर्वी जपानी आवृत्तीवर हात बसलेल्याला येथे अमेरिकी आवृत्ती मिळाली, तर त्याची आठवण चुकलेली नाही, नमुना बदललेला आहे. उलट, 'पूर्वी चित्रे अधिक सुंदर होती' या मतात आठवणीबरोबर मापाचाही भाग असू शकतो. मूळ पडदा ४:३ प्रमाणाचा. आजचा १६:९. चित्र ताणून आजचा पडदा भरला, तर रुंदी ४/३ पट होते, म्हणजे प्रत्येक लढवय्या ३३ टक्के जाडा. भागाकार सातवीच्या मुलालाही जमेल.

निकाल

संग्रहालय म्हणून हा संच उत्तम आहे. एकेक चौकट पुढे नेऊन हालचाल पाहण्याची सोय तर शिक्षकाने गती शिकवताना वापरावी अशी आहे. पण त्याने चित्र, आवाज आणि नियम जपले, आणि वेळ तितक्या काळजीने जपली नाही. वीणेच्या तारा सांभाळल्या आणि त्यांचा ताण विसरला, तर वीणा राहते, सूर जातो. या खेळांत वेळ हाही एक भाग आहे, आणि तो कार्यक्रमाच्या प्रतीत साठवता येत नाही. तो बटणापासून पडद्यापर्यंतच्या साऱ्या साखळीत असतो. पुढे कोणी जुने खेळ, जुनी वाद्ये वा जुनी उपकरणे जपायला घेईल, तेव्हा ती वापरणाऱ्यांच्या हाताला काय जाणवत होते याचीही मोजमापे त्याने नोंदवून ठेवावीत.

खेळाडूंच्या मतांचा निकाल असा, की जे त्यांना जाणवले ते बहुधा खरे होते, आणि त्याचे जे कारण त्यांनी सांगितले ते पुष्कळदा तपासलेले नव्हते. विद्यार्थी जेव्हा म्हणतो, "सर, काहीतरी वेगळे वाटतेय," तेव्हा त्याला खोटे ठरवू नये, आणि लगेच खरेही मानू नये. त्याच्या हातात पट्टी द्यावी.