बोटुकलीचे गोत्र

मत्स्यशेतीवरच्या मराठी पुस्तिका वाचताना एक गोष्ट सतत खटकते. तळ्याची खोली, चुना, शेणखत, खाद्य यांचे हिशेब चोख असतात; जिरे आणि बोटुकली मात्र नुसती मोजली जातात, तीही लाखांत. त्यांचे आईबाप कोण, हे कुठेच येत नाही. आमच्या ताडकळस भागात लाल कंधारी गाय फळवायची तर वळू कुणाचा, हे आधी विचारतात. शेततळ्यात सोडायच्या रोहूबद्दल तसे कुणी विचारत नाही.

याचे मूळ एका यशात आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. तोवर बीज पुराच्या नदीतून धरावे लागे, आणि त्यात असंख्य नर-माद्यांची सरमिसळ आपोआप होई. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे सुमारे दोन लाख अंडी देते. दोन किलोच्या पाच माद्यांत वीस लाख अंडी मिळत असतील, तर शंभर माद्या कोण पोसणार? पुढचे प्रजनकही मग त्याच भावंडांतून निवडले जातात. त्यातही चांगले वाढलेले आधीच बाजारात गेलेले असतात.

अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉइल यांचा १९९० चा निबंध म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. कर्नाटकातील बीजकेंद्रांत प्रजनकांची प्रभावी संख्या त्यांना ३ ते ३० इतकीच आढळली; म्हणजे दर पिढीला आंतरप्रजननाची वाढ २ ते १७ टक्के. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते, त्या संततीत हे प्रमाण सव्वासहा टक्के असते. तळ्यातला आकडा पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो, हे वेगळेच. सख्ख्या भावंडांच्या संकरातून जन्मलेले ट्राउट मासे वर्षभरात सुमारे २३ टक्क्यांनी हलके भरल्याची नोंद आहे. आपल्या पुस्तिका मासा वाढला नाही की पाण्याला आणि खाद्याला दोष देतात. कर्ज काढून शेततळे केलेला माणूस मग आणखी खाद्य टाकतो.

या निबंधाशी माझा एक मतभेद आहे. केंद्रांनी आपसांत प्रजनक बदलावेत, हा यावरचा नेहमीचा उपाय. पण सगळ्यांचेच मूळ बीज एका ठिकाणाहून आले असेल तर अदलाबदलीने फारसे काही साधणार नाही.

भुवनेश्वरला १९९२ पासून नॉर्वेच्या साहाय्याने ‘जयंती’ रोहू घडवली गेली, ती पाच नद्यांचे मासे एकत्र आणून. पत्रके तिच्या वाढीचे, दर पिढीला सुमारे १७ टक्क्यांचे, कौतुक करतात. पाच नद्या एका ओळीत आटोपतात. हीच जयंती कुणी दहा माशांवरून वाढवली, तर तिचीही गत तीच होईल.

पन्नास नर आणि पन्नास माद्या ठेवल्या तर पिढीमागची वाढ अर्ध्या टक्क्यावर येते. माद्या पन्नासच, पण नर एकच ठेवला, तर ती जवळजवळ १३ टक्के होते. हे गणित पुस्तिकेच्या अर्ध्या पानात मावते.