टायपिंग कोण करणार?

ऑक्टेव्हिया बटलरच्या 'किंड्रेड'बद्दल कुणी सांगायला लागलं की सुरुवात ठरलेली असते. १९७६ सालच्या कॅलिफोर्नियातली एक कृष्णवर्णीय तरुणी नव्या घरात पुस्तकांची खोकी उघडत असताना तिला चक्कर येते, आणि ती थेट एकोणिसाव्या शतकातल्या मेरिलँडमध्ये, गुलामगिरीच्या काळात जाऊन पडते. बरोबरच आहे. १९७९मध्ये आलेली ही कादंबरी आजही मुख्यतः त्यासाठीच वाचली जाते. मला मात्र ती दुसऱ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटते. लेखक व्हायला निघालेल्या माणसाचा दिवस कशात जातो, हे इतक्या कोरडेपणाने सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही.

नायिका डेना सव्वीस वर्षांची आहे. रोजंदारीवर माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत तिला कामं मिळतात. फरशा पुसायच्या, भांडी घासायची, गोदामातला माल मोजायचा, बटाट्याचे वेफर्स निवडायचे. हो, वेफर्स निवडायचे! मध्यरात्री उठून ती कादंबरी लिहिते आणि दिवसा झोप उडवायच्या गोळ्या घेऊन कामावर उभी राहते. यातलं बरंचसं बटलरच्याच आयुष्यातून आलंय. तिनेही भांडी घासली, फोनवरून वस्तू विकल्या, वेफर्स तपासले, आणि लिहायला रात्री दोनला उठली. १९७०मध्ये क्लॅरियन या लेखन-कार्यशाळेत तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. त्यानंतर पाच वर्षं एकही नाही. आपण 'स्ट्रगल' हा शब्द किती सहज वापरतो! ही पाच वर्षं म्हणजे नुसती साभार परत आलेली पाकिटं आणि दुसऱ्या दिवशीचं काम.

डेनाला गोदामात केव्हिन भेटतो. गोरा, वयाने मोठा, तोही लेखक, आणि त्याचं पुस्तक नुकतंच विकलं गेलंय, म्हणजे तो आता या कामातून सुटणार. दोघं एकत्र येतात. मग एक दिवस तो तिला आपलं लिखाण टाइप करून द्यायला सांगतो. पहिल्यांदा ती नाराजीने का होईना, देते. दुसऱ्या वेळी आपल्याला हे आवडत नाही असं सांगून नकार देते. तिसऱ्या वेळी पुन्हा नकार देते. तो चिडतो, एवढंही जमत नसेल तर जा म्हणतो. ती खरंच निघून जाते. दुसऱ्या दिवशी ती परत आलेली पाहून त्याला आश्चर्य वाटतं, पण टाइप करायला ती तेव्हाही नाहीच म्हणते.

केव्हिन वाईट माणूस नाही, हे महत्त्वाचं. तो पुरोगामी आहे, प्रेमळ आहे, पुढे तिच्यासाठी भूतकाळातही अडकून पडतो. पण स्वतःच्या लिखाणापुढे तिचं लिखाण थांबू शकतं, असं त्याला मनापासून वाटतं. आमच्या ऑफिसात मला मराठी टायपिंग येतं म्हणून चार विभागांची पत्रकं माझ्याकडे येतात. 'तुझं काय, पटकन होतं.' पटकन होतंही. फक्त त्या पटकनमध्ये माझ्या कथेचा तास जातो. त्यामुळे केव्हिनचा प्रसंग वाचताना मला भूतकाळात जायची गरजच पडली नाही.

आणि मग बटलर खरी खेळी करते. मेरिलँडमध्ये रूफस हा मळेमालक, म्हणजे डेनाचा पूर्वज, तिला लिहिता येतं म्हणून आपली पत्रं तिच्याकडून लिहून घेतो. काम तेच, फक्त टाइपरायटरच्या जागी टाक आणि शाई. या साम्यावर बटलर आवाज चढवून काही बोलत नाही. वाचणाऱ्याला दिसलं तर दिसलं.

इथे कुणी म्हणेल, गुलामगिरी आणि टायपिंग एका मापात कशी तोलता? मीही तोलणार नाही. कादंबरीही तोलत नाही. एजन्सीत येणारे लोक तिला गुलामांचा बाजार म्हणतात, पण डेना लगेच सांगते की हे अगदी उलट आहे : तुम्ही कामावर आलात काय, न आलात काय, इथे कुणाला पर्वा नाही. केव्हिनला नाही म्हटल्यावर ती दार उघडून घरी जाऊ शकते. रूफसच्या घराबाहेर पडली तर मागे माणसं, कुत्री आणि चाबूक. सगळा फरक त्या दारात आहे.

या कादंबरीत टाइम मशीन नाही, प्रवासाचं स्पष्टीकरणही नाही. विज्ञानच नाही म्हणून ही विज्ञानकथा नव्हे, असं बटलर स्वतःच म्हणायची. पण काळाचा हिशेब मात्र चोख आहे. घरी डेनाचे आठ दिवस जातात तेव्हा केव्हिनची तिकडे पाच वर्षं गेलेली असतात. कुणाचा वेळ कुणाच्या खात्यात जमा होतो, हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि मला तरी त्यात भरपूर विज्ञानकथा दिसते.

आपल्याकडे विज्ञानकथा म्हटलं की आधी शास्त्रज्ञ आठवतात : जयंत नारळीकर, बाळ फोंडके. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, का तर स्वतःचं नाव निकालात आड येऊ नये म्हणून. त्यांचा मोठेपणा आहेच. पण नाव लपवावं लागण्याइतकं नाव असणं ही वेगळीच अडचण झाली. 'तू सायन्सची का?' हा प्रश्न मला अजून विचारला जातो. बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची. मुलगी दहा वर्षांची असताना तिने तिला टाइपरायटर घेऊन दिला.

माझी एक तक्रार आहे. डेना रात्री उठून जी कादंबरी लिहिते, तिचं एक पानही बटलर आपल्याला दाखवत नाही. केव्हिनचं लिखाण किमान टाइप करण्याजोगं आहे एवढं तरी कळतं. डेना काय लिहीत होती? ज्या १९७६च्या जूनमध्ये ती पुस्तकांची खोकी उघडते, त्याच वर्षी बटलरची पहिली कादंबरी 'पॅटर्नमास्टर' बाजारात आली होती.