विवस्त्र पुरुष-छायाचित्रांतील दुसरा कर्ता

फ्रेंच चित्रकार इपोलीत फ्लांद्रँ याने १८३५-३६ च्या सुमारास, रोममधील शिष्यवृत्तीच्या काळात, एका विवस्त्र तरुणाचे अभ्यासचित्र रंगविले. समुद्राकाठच्या खडकावर, अंगाखाली वस्त्र घेऊन तो तरुण बसला आहे. गुडघे छातीशी ओढलेले, त्यांभोवती दोन्ही हातांची मिठी, मस्तक गुडघ्यांवर टेकलेले. हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्या तरुणाचे नाव चित्राच्या शीर्षकात नाही, आणि ते असावे अशी त्या काळी कोणाची अपेक्षाही नव्हती. पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, १९८१ मध्ये, न्यूयॉर्कचे छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प यांनी नेमके हेच आसन एका कृष्णवर्णीय पुरुषाला घ्यावयास लावले आणि चार बाजूंनी त्याची चार छायाचित्रे घेतली. खडक गेला, समुद्र गेला. राहिले एक उंच पीठ आणि त्यावर स्वतःत मिटून बसलेला देह. या चित्रांचे शीर्षक मात्र 'अजिटो' असे आहे, आणि ते त्या मॉडेलचेच नाव आहे.

आसन तेच असूनही शीर्षकात झालेला हा बदल मला क्षुल्लक वाटत नाही. विवस्त्र पुरुषाच्या छायाचित्राचा कर्ता कोण, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. छायाचित्रण ही कला की केवळ यंत्रविद्या, हा वाद एकेकाळी मोठ्या हिरिरीने लढला गेला. तो मिटला तो छायाचित्रकाराचे कर्तृत्व सिद्ध होऊन: यंत्र काही करीत नाही, निवड करतो तो छायाचित्रकार, प्रकाश, कोन, चौकट, क्षण ही सारी त्याची. हे म्हणणे बरोबरच होते. परंतु ते सिद्ध करण्याच्या भरात कॅमेऱ्यासमोर उभा असलेला माणूस मूर्तिकाराच्या मातीच्या पंक्तीला जाऊन बसला. वस्तुतः चित्रकाराला मॉडेल निघून गेल्यावरही चित्र पुरे करता येते. छायाचित्रकाराला तसे करता येत नाही. खांद्यातला ताण, रोखलेला श्वास, नजर द्यावयाची की चुकवावयाची हा निर्णय, या गोष्टी मॉडेलने दिल्या तरच त्या चित्रात येतात. छायाचित्रकार त्या मागू शकतो, त्यांची वाट पाहू शकतो. निर्माण करू शकत नाही.

ही गोष्ट सर्वच व्यक्तिचित्रांना लागू आहे, हे खरे. तरीही विवस्त्र पुरुषाच्या चित्रात ती विशेष ठळकपणे जाणवते. युरोपीय चित्रकलेत विवस्त्र स्त्रीची परंपरा इतकी रुळलेली आहे की पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ही वाटणी रसिकाला स्वाभाविकच वाटू लागते. पुरुषासमोर पुरुषच विवस्त्र उभा राहिला म्हणजे ही वाटणी डळमळते. कॅमेऱ्याच्या मागचा मनुष्य पुढे जाऊन उभा राहू शकतो आणि पुढचा मागे येऊ शकतो.

टॉमस एकिन्स यांच्याबाबतीत हे अक्षरशः घडले. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीतील हे चित्रकार-शिक्षक १८८४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसह गावाबाहेरच्या एका तळ्यावर गेले. तेथे घेतलेल्या छायाचित्रांत ते तरुण पाण्याकाठी विवस्त्र उभे आहेत, सूर मारीत आहेत; आणि काही चित्रांत स्वतः एकिन्सही त्यांच्यासारखेच विवस्त्र आहेत. म्हणजे त्या वेळी कळ दुसऱ्याच कोणाच्या हाती होती. यामुळे संग्रहालयांच्या नोंदींत मोठी पंचाईत झाली असून कित्येक छायाचित्रे 'एकिन्स यांच्या वर्तुळातील' अशा मोघम शब्दांत नोंदवावी लागली आहेत. नोंद करणाऱ्यांना ही उणीव वाटत असेल. मला तर ती त्या छायाचित्रांविषयीची सर्वांत खरी माहिती वाटते. त्यांवरून सिद्ध झालेल्या 'पोहणे' (१८८५) या तैलचित्रातही एकिन्स एका कोपऱ्यात पाण्यात आहेत. ज्यांनी ते चित्र मागविले होते त्यांनी ते घेतले नाही. पुढच्याच वर्षी, स्त्री-विद्यार्थिनींच्या वर्गात पुरुष-मॉडेलचे कटिवस्त्र दूर केल्याच्या कारणावरून, एकिन्स यांना अकादमी सोडावी लागली. विवस्त्रता ही सहभागाची गोष्ट आहे असे मानणाऱ्या शिक्षकाला त्या संस्थेत जागा उरली नाही.

तथापि मॉडेलचे नाव उघड करणे म्हणजेच त्याचे ऋण फेडणे, असा सरळ नियम मात्र बांधता येत नाही. जॉर्ज प्लॅट लाइन्स (१९०७–१९५५) हे न्यूयॉर्कचे नावाजलेले फॅशन-छायाचित्रकार. तेथील नृत्यनाट्य-मंडळीची त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. परंतु ज्यांवर त्यांचा सर्वांत अधिक जीव होता ती विवस्त्र पुरुषांची चित्रे त्यांनी हयातीत सहसा बाहेर येऊ दिली नाहीत. अश्लील ठरविलेली वस्तू टपालाने पाठविणे हा अमेरिकेत १८७३ पासून गुन्हा होता, आणि पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाचा नुसता संशयही नोकरी, घर व प्रतिष्ठा घालवावयास पुरेसा होता. लाइन्स यांनी आपली काही चित्रे झुरिकच्या 'डेर क्राइस' या नियतकालिकात टोपणनावाने छापली; मोठा संग्रह लैंगिक वर्तनाचे अभ्यासक आल्फ्रेड किन्से यांच्या इंडियाना विद्यापीठातील संस्थेकडे सोपविला; आणि मृत्यूपूर्वी पुष्कळ निगेटिव्ह नष्ट केल्या. तेथे मॉडेलचे अनामिकत्व ही उपेक्षा नव्हती, ते संरक्षण होते. मायनर व्हाइट यांनी १९४८ मध्ये टॉम मर्फी या आपल्या विद्यार्थ्याच्या ३२ छायाचित्रांची एक मालिका बांधली. तीही त्यांच्या हयातीत प्रदर्शनाच्या भिंतीवर आली नाही. विवस्त्र पुरुषांची चित्रे छापणारी नियतकालिके टपालाने पाठविण्यास हरकत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९६२ मध्ये, लाइन्स यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

मेपलथॉर्प ज्या काळात काम करू लागले त्या काळी भीती ओसरली होती, पण कर्तृत्वाचा प्रश्न अधिकच बिकट झाला होता. १९८६ मध्ये त्यांचे 'ब्लॅक बुक' प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीय पुरुषांच्या देहचित्रांचा हा संग्रह. मार्च १९८९ मध्ये ते एड्सने वारले. त्यांच्या चित्रांचे फिरते प्रदर्शन त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने ऐनवेळी रद्द केले, आणि १९९० मध्ये ते सिन्सिनाटीस आले तेव्हा तेथील कलाकेंद्रावर व त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. प्रदर्शनातील १७५ चित्रांपैकी सात चित्रांवर आरोप होता. ऑक्टोबर १९९० मध्ये ज्यूरीने दोघांनाही निर्दोष ठरविले.

या खटल्यात बचावाच्या बाजूने कलातज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि त्या मोठ्या उद्बोधक आहेत. चौकटीचा तोल, रेषांचा परस्परसंबंध, छायाप्रकाशाची वाटणी यांविषयी ते बोलले. मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटू नये. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींचा जो विचार मांडला, त्याच्याशी तिचे जवळचे नाते आहे. न्यायालयात ती उपयोगी पडली, यात शंका नाही. परंतु तिच्या उपयुक्ततेची दुसरी बाजू अशी की त्या साऱ्या साक्षींत चित्रातील पुरुष कोणीच उरले नाहीत. ते कर्ण झाले, वक्र झाले, कृष्णधवल प्रमाण झाले. फिर्यादी पक्षाला त्यांच्यात केवळ इंद्रिये दिसली आणि बचाव पक्षाला केवळ भूमिती. ही माणसे छायाचित्रकाराच्या ओळखीची होती, आपण काय करीत आहोत हे त्यांना ठाऊक होते, ही गोष्ट दोन्ही पक्षांना गैरसोयीची होती. लयतत्त्व अपुरे आहे असे मला म्हणावयाचे नाही; ज्या घटकांची लय साधली जाते त्यांतला एक घटक स्वतः निर्णय घेणारा असला म्हणजे त्या लयीचे काय होते, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

चमत्कारिक गोष्ट अशी की मॉडेलचे कर्तृत्व मान्य करण्यात आपल्याकडील फौजदारी कायदा कलासमीक्षेच्या पुढे आहे. १९९५ मध्ये टफ्स या बुटांच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधू सप्रे ही दोन मराठी मॉडेल्स, पायांत बूट आणि अंगाभोवती अजगर एवढ्यानिशी, एकमेकांना बिलगून उभी राहिली. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्ता यांचे होते. मुंबई पोलिसांनी जो खटला गुदरला त्यात छायाचित्रकार, जाहिरात संस्था आणि छापणारे यांच्या बरोबरीने ही दोघेही आरोपी होती. निर्दोष सुटका झाली ती २००९ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी. २०२२ मध्ये अभिनेता रणवीरसिंग यांच्या विवस्त्र छायाचित्रांवरून मुंबईच्या चेंबूर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्या वेळच्या गदारोळात तर छायाचित्रकार आशिष शाह यांचे नाव अभावानेच ऐकू आले. मॉडेल प्रसिद्ध असला की चित्र त्याचे, अप्रसिद्ध असला की छायाचित्रकाराचे, अशी ही सोयीस्कर रीत आहे. शिक्षेची वेळ आली म्हणजे सहकर्ता आणि श्रेयाची वेळ आली म्हणजे साहित्य, अशा दुहेरी न्यायात मॉडेल सापडलेला दिसतो.

मेपलथॉर्प यांच्यावर जो खरा गंभीर आक्षेप आला तो न्यायालयातून नव्हे, समीक्षेतून. कोबेना मर्सर यांनी १९८६ मध्ये असे दाखविले की या चित्रांत कृष्णवर्णीय पुरुषाचे अवयव सुटे करून, तुकाईत घासलेल्या वस्तूसारखे मांडले जातात, आणि गोऱ्या नजरेच्या जुन्याच कल्पना नव्याने पोसल्या जातात. 'पॉलिएस्टर सूटमधील पुरुष' (१९८०) हे चित्र या आक्षेपाचे प्रमुख उदाहरण होय. तीन भागांचा सूट, दोन्ही बाजूंना सैल सोडलेले हात, उघड्या पँटमधून बाहेर आलेले शिश्न. आणि मान व चेहरा चौकटीने छाटून टाकलेला. शीर्षकात नावही नाही. मर्सर यांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो असे कोणालाही वाटेल, आणि दृश्यापुरता तो लागूही पडतो. परंतु आपला चेहरा आणि आपली नग्नता एकाच चित्रात येऊ द्यावयाची नाही, ही अट त्या मॉडेलनेच घातली होती, असे मेपलथॉर्प यांच्या चरित्रात नमूद आहे.

या एका माहितीने चौकटीचा अर्थ पालटतो. जिला आपण छायाचित्रकाराची क्रूर कात्री समजत होतो ती कडा मॉडेलच्या नकाराने आखलेली आहे. चित्रातील सर्वांत प्रभावी रचनात्मक निर्णय, म्हणजे चेहऱ्याचा अभाव, हा निदान अर्धा तरी त्याचा आहे. म्हणून मी त्याचे नाव येथे लिहीत नाही. अर्थात या अटीमुळे मर्सर यांचा मुद्दा बाद होत नाही. नाव आणि पैसा यांची वाटणी समान नव्हती. त्या चित्राच्या एका प्रतीला २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चार लाख डॉलरांहून अधिक किंमत आली, ती चौकटीबाहेर राहिलेल्या त्या माणसाच्या कामी आली नाही. सहकार्य होते, पण ते विषम होते. मर्सर यांनीही काही वर्षांतच आपल्या लेखाचे पुनर्परीक्षण केले आणि या चित्रांकडे पाहताना आपल्याही मनात आकर्षण होते, हे नोंदविले. समीक्षकाने आपल्या नजरेचा हिशेब असा उघडपणे मांडावा, हे दुर्मिळ आहे.

रोटिमी फानी-कायोदे यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या दिशेने हात घातला. जन्म लेगोसचा, १९५५ चा. १९६६ च्या लष्करी उठावानंतर कुटुंबाबरोबर ते इंग्लंडला आले, अमेरिकेत शिकले, आणि १९८३ पासून लंडनमध्ये काम करू लागले. त्यांच्या घराण्याचा संबंध योरुबांच्या इफे या पवित्र नगरीशी होता. त्यांच्या चित्रांत विवस्त्र कृष्णवर्णीय पुरुष मुखवटे, फळे, पिसे धारण करून येतो तो एखाद्या विधीत उतरल्यासारखा. आणि पुष्कळदा तो स्वतः फानी-कायोदेच असतो. मेपलथॉर्प यांच्या चित्रांतली थंड, संगमरवरी पूर्णता येथे नाही. देह येथे काहीतरी करीत असतो, वाट पाहत नसतो. मला ही चित्रे अधिक जवळची वाटतात. त्यांचे साथी ॲलेक्स हर्स्ट यांच्याबरोबर त्यांनी शेवटची कामे केली. डिसेंबर १९८९ मध्ये फानी-कायोदे आणि १९९२ मध्ये हर्स्ट वारले. कोणत्या चित्रात कोणाचा किती वाटा, याविषयी पुढे मतभेद झाले. एकिन्स यांच्या नोंदींतली अडचण शंभर वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

आणि मॉडेल व छायाचित्रकार एकच असले तर? जॉन कोपलन्स यांनी १९८४ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या विवस्त्र देहाची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. केसाळ पाठ, सुरकुतलेली पोटरी, दुमडलेल्या हातांचे पंजे; चेहरा कधीच नाही. आर्टफोरम या कलाविषयक मासिकाच्या संस्थापकांपैकी एक आणि पुढे त्याचे संपादक असलेल्या या माणसाला कर्तृत्वाचे सगळे सिद्धान्त ठाऊक होते. तरीही स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, या साध्या अडचणीतून त्यांची सुटका नव्हती. म्हणून ते व्हिडिओच्या पडद्यावर आपली प्रतिमा पाहत आसन ठरवीत. आणि ते ठरले, देह स्थिर झाला, म्हणजे कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या साहाय्यकाला कळ दाबावयास सांगत.